घाटात उचललेला डॉक्टर

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगायला लागले की मधे कुणी फिदीफिदी केलेलं मला चालत नाय. ही माझी फजिती हाय, तवा ती माझ्याच तोंडून ऐका. पोरं गावभर सांगत हिंडत्यात ती निम्मी खोटी हाय. म्हणं, आजीनं त्या माणसाला दोरीनं बांधून नेला! अवो, दोरीनं त्याची सायकल बांधली व्हती. माणूस मोकळाच व्हता.

तर माझी नात कोमल. बिडकीनकडं कंपनीत कामाला. सहा दिवस मशिनीपुढं उभी राहती, अन् सुटी आली की पोरीचे दोनच नाद, सायकल अन् गाणं.

सायकल म्हंजी आपल्या दूधवाल्याची नव्हं बरं का! हिचं चाक भाकरीच्या कडेवाणी बारीक, बसायची जागा तळहाताएवढी. मागं कॅरेज नाय, पुढं टोपली नाय, उभी करायला स्टँड बी नाय. मी म्हणलं, "कोमे, एवढी नखऱ्याची सायकल, अन् तिला उभं राहता येईना?"

तर म्हणती, "आजी, ही उभी करायची नसतीच. पळवायची असती."

अन् गाण्याचं म्हणाल, तर सुटीच्या संध्याकाळी शहरात कुठल्या तरी हाटेलाच्या अंगणात पोरंपोरी गिटार-बिटार घेऊन जमत्यात. ती गात्यात, आपण समोर बसून ऐकायचं. कोमल जाती, मला बी नेती. शेजारीण नाक मुरडती, "म्हातारीचं काय काम तिथं?" का वो? मी सोयगावच्या डोंगरात मेंढरामागं वाढले. ढोलावर टिपरू पडलं की तव्यावरची भाकर सोडून पळणारी बाई मी! ढोल मला चालतो, मग गिटारीनं काय पाप केलंय?

तर त्या रविवारी दोन्ही नाद एकत्र जमले. यांचा सायकलवाल्यांचा जथा क्रांती चौकातनं निघणार, दौलताबादचा घाट चढणार, अन् वर एका बागेतल्या हाटेलात दिवस बुडायच्या आत गाण्याचा कार्यक्रम. अन् त्यात, ऐका बरं, माझी कोमल पहिल्यांदा लोकांपुढं गाणार! आजवर नुसती ऐकायची. आता सोताचं गाणं रचलं पोरीनं. मेंढरांना बोलवायला मी जी हाळी घालायची, तिच्यावरनं चाल बांधली. शब्द तिचे, हाळी माझी. महिनाभर न्हाणीत घोकत व्हती. बाहेर तिचा बाप टॉवेल घेऊन उभा!

निघायच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ बसली. म्हणली, "आजी, मागल्या खेपेला आमचा एक जण घाटात मागं राहिला अन् कुणाच्या ध्यानातच आलं नाय. तू बाबूभाईच्या टेम्पोत बस. सगळ्यांच्या मागं राहायचं. कुणी दमून बसला की उचलायचा. एकाला बी सोडायचं नाय."

आता हे मला शिकवती का? अवो, माझी जिंदगी कशात गेली? वाटंत मेंढरू बसलं तर त्याला कुणी इचारत नसतंय, 'येतो का बाबा?' काखंत मारायचं अन् चालायला लागायचं. ते ओरडतंय, पाय झाडतंय, झाडू दे! त्याला काय कळतंय?

अन् मोजायचं म्हणाल, तर अंक मला येत नाय. पर मोज मला येती. दर जीवामागं पदराला एक गाठ. संध्याकाळी वाड्यात एकेक आत शिरलं की एकेक गाठ सोडायची. पदर सरळ झाला की कळप पुरा. माझ्या पदरानं आजवर दगा दिला नाय.

क्रांती चौकात सगळी जमली. सगळ्यांचं बनियन पिवळं, डोक्यावर टोप, डोळ्याला काळा चष्मा, तोंडाला फडकं. पोरगा कंचा अन् पोरगी कंची, देवाला ठाऊक! मी गाठी मारत गेले. यांचा म्होरक्या निखिल, सगळ्यांत पुढं तोच राहणार व्हता. तो म्हणला, "आजी, चष्मा नाही आणला? लांबचं दिसतं ना?"

मी म्हणलं, "लेकरा, डोंगरावरचा कोल्हा मला खालून दिसायचा."

कोमलनं तिचा फोन माझ्या पिशवीत टाकला. "आजी, घाटात खिशाला जड होतो. अन् नाव नसलेला नुसता नंबर आला तर उचलू नको. लोक लई फसवत्यात." सामान सगळं टेम्पोत. निघालो.

पडेगाव गेलं, शरणापूर गेलं, माझा कळप पुढं पळतोय अन् मी मागं बाबूभाईशेजारी बसले, अशी ऐटीत! रस्त्यावरचे लोक बघत्यात. मी त्यांना सांगत जाते, "माझीच हायेत, माझीच!"

घाटाच्या पायथ्याला पोचलो तर काय बघते, लिंबाच्या झाडाखाली एक पिवळं बनियन बसलेलं! सायकल झाडाला टेकलेली. पाय पसरून पेरू खातोय.

मी वरडले, "बाबूभाई, थांबव! एक बसलं!"

बाबूभाईनं टेम्पो थांबवला अन् मान हलवली. "अम्मा, ये अपने वाले नै दिखते मेरेकु."

"पिवळं घातलंय का नाय?"

"हौ, लेकिन इनका पिवळा अलग है."

"उन्हानं उडला असंल रंग. चल, उतर!"

मी त्या माणसापुढं जाऊन उभी राहिले. पन्नाशीचा, गोरापान, तोंड लालबुंद झालेलं. म्हणलं, "ऊठ बाबा. दमलास ना? चल, टेम्पोत बस."

"नाही नाही आजी, मी अगदी ठीक आहे. जरा पेरू खातोय."

दमलेली माणसं असंच बोलत्यात. मी त्याची पाण्याची बाटली घेतली अन् डोक्यावर वतली.

"अहो आजी! अहो, हे काय! मला घरी जायचंय!"

"घर कुठं पळून चाललंय? आधी वर चल, गाणं ऐक, मग जा घरी."

"कसलं गाणं?"

ऐकलंत? कसलं गाणं म्हणतो! ज्याच्यासाठी निघाला तेच इसरला! मी बाबूभाईला म्हणलं, "ऊन चढलंय याच्या डोक्यात. सायकल बांध." बाबूभाईनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, अन् सायकल बांधली. बाबूभाई शहाणा माणूस हाय.

तो माणूस मऊ व्हता बिचारा. दोनचारदा "पण आजी", "ऐका तरी आजी" म्हणला. मोठ्या आवाजाच्या बाईला नाय म्हणायची त्याला सवय नसावी. घरी बी तेच असंल. मी त्याचा दंड धरला अन् टेम्पोत बसवला. काखंत मावला नाय म्हणून, नाहीतर काखंतच घातला असता.

टेम्पो निघाला. जरा पुढं गेलो तर वळणावर पेरूवालीच्या पाटीजवळ एक पोरगी दोन्ही हात वर करून उड्या मारतीय. ऊन डोळ्यावर, तवा अंगावर काय घातलंय ते दिसंना, अन् काय वरडतीय ते टेम्पोच्या आवाजात ऐकू येईना. मला वाटलं, सायकली बघायला आलेली असंल, खुशीत हाय. म्या बी दोन्ही हात हलवले! हसले बी तिला. बाबूभाईला म्हणलं, "बघ, लोक किती कौतिक करत्यात!"

हसलात ना? म्हणलं व्हतं, मधे हसायचं नाय.

मग पिशवीतला फोन वाजायला लागला. मी बाबूभाईपुढं धरला. "नाव हाय का नंबर?"

"नंबरच है अम्मा."

मी बंद केला. परत वाजला. परत बंद केला. परत! मी त्या फोनला म्हणलं, "मुडद्या, माझी नात हुशार हाय. तिनं आधीच सांगून ठेवलंय. आम्ही फसत नसतो!"

मागं बसलेला माणूस हळूच म्हणला, "आजी, एवढ्या वेळा करतायत म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असेल."

"तू गप पड. तुला ऊन लागलंय."

वर पोचलो. बागेच्या फाटकात मी पदर घेऊन उभी राहिले. एकेक आत शिरतोय, एकेक गाठ सोडतेय. शेवटी एकच गाठ राहिली. त्या माणसाला टेम्पोतनं उतरवला, फाटकातनं आत घातला, अन् ती बी सोडली. पदर सरळ! मी निखिलला हाक मारली, "ये म्होरक्या! बघून घे. एक बी कमी नाय. ह्याला तर पार खालून उचलून आणलाय."

"मानलं आजी तुम्हाला!" तो लांबनंच वरडला अन् वायरी जोडायला पळाला.

काय सांगू, छाती अशी भरून आली! शाळेची पायरी चढले नाय मी, पर एवढी शिकलेली पोरं माझ्या भरवशावर घाट चढली. मी पहिल्या रांगेत खुर्ची धरली. त्या माणसाला शेजारी बसवला, भजी दिली, चहा दिला. तो बी आता निवांत झाला व्हता. बायकोला फोन करून सांगत व्हता, "अगं, मला उशीर होईल. नाही, पंक्चर नाही. एक आजी आहेत."

गिटार सुरू झालं. एकानं गायलं, दुसरीनं गायलं. मग माईकवाला म्हणला, "आता पहिल्यांदाच आपल्यासमोर गातेय, कोमल!"

सगळ्यात मोठ्यानं टाळ्या मीच वाजवल्या. कुणी उठंना.

"कोमल?"

मी अजून वाजवतेच हाय!

निखिल माझ्याकडं आला. "आजी, कोमल कुठंय?"

"पुढं असंल की."

"पुढं मी होतो, आजी."

मी पदर बघितला. गाठ नाय. आता सगळ्यांनी टोप-चष्मे काढले व्हते. मी एकेक तोंड बघत गेले. हे नव्हं, हे नव्हं, हे बी नव्हं. बघत बघत शेजारच्या खुर्चीपाशी आले.

"बाबा... तू कोण?"

"मी देशपांडे," तो भजं गिळून म्हणला. "दातांचा डॉक्टर. मघापासून तेच सांगायला बघतोय, मी यांच्यातला नाही."

जल्मभर मेंढरं राखली, एक कोकरू कधी हरवलं नाय. अन् हरवली कोण? सख्खी नात! अन् तिच्या जागी उचलून आणला दातांचा डॉक्टर!

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. नंबरच व्हता. निखिलनं झडप घातली, उचलला, अन् माझ्या कानाला लावला.

"आजीऽऽ! मी पेरूवालीच्या फोनवरनं किती वेळा लावला! पंक्चर झालंय माझं! मी उड्या मारून तुला थांबवत होते, अन् तू? तू उलट हात हलवलेस! हसलीस बी!"

"बाय गं... मला वाटलं कौतिक..."

"माझी ट्यूब टेम्पोत, पंप टेम्पोत, फोन टेम्पोत!" अन् मग पोरगी एकदम हळू बोलली. "जाऊ दे आजी. दिवस बुडायला आलाय. माझी बारी गेली. राहू दे माझं गाणं."

ते 'राहू दे' ऐकलं अन् मी फोन निखिलच्या हातात दिला. न्हाणीतलं महिनाभराचं गाणं, अन् ते मीच घाटात टाकून आले!

"बाबूभाई, काढ टेम्पो!"

"किधर से काढू अम्मा? आगे-पीछे गाड्याच गाड्या!"

तेवढ्यात शेजारी बसून फोनवरचं सगळं वरडणं ऐकलेला डॉक्टर उठला. टेम्पोवरची दोरी सोडली, सोताची सायकल उतरवली, ट्यूब अन् पंप खिशात कोंबला. मी म्हणलं, "अरे बाबा, तू दमलेला, तुला परत वर चढता यायचं नाय!"

"आजी," तो टोप घालत म्हणला, "हा घाट मी दर रविवारी दोनदा चढतो. मी पेरू खात होतो, कारण मला पेरू आवडतो."

अन् गेला की वो तो वळणावरनं, अस्सा भिरभिरत!

इकडं गाणाऱ्या पोरांनी लाज राखली. पुढच्यानं एकच कडवं फिरवून फिरवून म्हणलं, त्याच्यामागच्यानं नुसती गिटारच लावत वेळ काढला. मी फाटकात उभी. ऊन डोंगराच्या शेंड्याला गेलं. म्हणलं, गेलं आता.

अन् वळणावर दोन पिवळी बनियनं दिसली. पुढं माझी कोमल, मागं डॉक्टर. ह्या खेपेला मी डोळे फाडून, तोंड बघून खात्री केली!

आली. हात काळे, कपाळाला वंगण, धाप लागलेली. मला वाटलं, चारचौघांत आता झाडणार ही मला. तिनं सायकल माझ्या हातात दिली अन् म्हणली, "धर आजी. हिला स्टँड नाय. अन् ही तरी हरवू नको." अन् गेली सरळ माईकवर.

अन् गायली हो पोरगी! पहिल्या कडव्याला आवाज जरा थरथरला, पर जवा माझी हाळी आली, तवा तिनं डोळे मिटले अन् अशी मोकळी सोडली, की रस्त्यापलीकडं चरणाऱ्या शेरडांनी माना वर केल्या! खोटं वाटतंय? बाबूभाईला इचारा. दोन शेरडं तर फाटकापर्यंत आली. माणसं काय, भिडंखातर टाळ्या वाजवत्यात. शेरडू कुणाची भीड धरतंय का?

गाणं संपलं अन् सगळी बाग उठली. हाटेलवाला म्हणला, दर महिन्याला ये. मला काय ते राहवेना. एका हातात सायकल तशीच धरून मी पुढं गेले अन् माईकपाशी तोंड नेऊन वरडले, "ही माझी नात हाय! माझी! बोट धरून चालायला मी शिकवलंय हिला!"

टाळ्याच टाळ्या! अन् तेवढ्यात तो डॉक्टर, घाम पुसत, हातात उरलेलं भजं घेऊन, माईकला ऐकू जाईल असं म्हणला,

"मग आजी, ते बोट सोडायला तुम्हाला आजचाच दिवस सापडला का?"