मावळतीचं गाव, उगवतीचं गाव

त्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन समुद्र होते. जर्मनीतल्या आमच्या वोल्फ्सबुर्गला नोव्हेंबरात दिवस असा उजाडतच नाही. कालव्यावरून धुकं उठतं, कारखान्याच्या चार चिमण्या त्यात अर्ध्या बुडतात, आणि दुपारचा चहा होईतो सगळं पुन्हा करडं होऊन जातं. मी इस्त्री करत असले की वाफेतून एक समुद्र दिसायचा. बेकरीच्या रांगेत उभी असले की दुसरा. पाव कापून हवा की अख्खा, असं काउंटरवरची बाई विचारायची, आणि मला लाटेच्या आवाजातून परत यायला क्षण लागायचा.

दोन्ही समुद्र मेक्सिकोचे. काही वर्षांपूर्वी ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कारखान्यानं तिथल्या शाखेत तीन वर्षं पाठवलं होतं. शहर डोंगरातलं, किनारा लांब. सुट्टी मिळाली की आम्ही समुद्र गाठायचो. त्यात दोन गावं मनात राहिली. त्यांना चांगली लांबलचक स्पॅनिश नावं होती, पण घरात आम्ही त्यांना मावळतीचं आणि उगवतीचं म्हणायचो.

मावळतीचं पॅसिफिकवर. उंच लाटा, किनाऱ्यावर कायम पोहायला मनाईचा लाल झेंडा, आणि पाण्याला पोट टेकेल इतक्या खालून ओळीनं जाणारे पेलिकन. संध्याकाळी सूर्य पाण्यात उतरायला लागला की गाव वाळूत येऊन उभं राहायचं, तळलेल्या माशावर लिंबू पिळत. हे गुहागरचे. पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, "हे आमचंच की गं. फक्त सुरूची झाडं तेवढी नाहीत." मग सूर्य पुरता बुडेपर्यंत तिथून हलले नाहीत.

उगवतीचं कॅरिबियन बाजूला. तिथे लांबवर पाण्याखाली पोवळ्यांची भिंत आहे. लाटा तिथेच फुटतात, आणि अलीकडचं पाणी परातीत ओतून ठेवल्यासारखं. सकाळी सूर्य त्यातून वर यायचा, तळाची वाळू दिसायची, वाळूवर आपल्या पायांची सावली दिसायची. मी सोलापूरची. माझ्या लहानपणी पाणी म्हणजे दोन-तीन दिवसांतून एकदा येणारा नळ आणि सगळी भांडी भरून ठेवण्याची घाई. इतकं पाणी नुसतं पडून आहे, कुणी भरून घेत नाही, हे बघून मला आधी कसंसंच झालं. मग मी गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिले. पुढे जाता येईना, कारण पोहता येत नव्हतं.

जर्मनीत परतल्यावर मी पहिलं काम केलं ते हॉलेनबाडमध्ये, म्हणजे इथल्या बंदिस्त तलावात, मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. वर्गात सगळ्यांत जास्त घाबरणारी मी. तलावाचा राखणदार काठाकाठानं लांब काठी धरून चालायचा आणि माझ्याकडे बघून ओरडायचा, "श्वास सोडा! सोडा! परत मिळतो तो!" हळूहळू जमलं. पुढे मी न थांबता तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खेपा घालायला लागले. पण निळ्या फरशांवरच्या, क्लोरिनच्या पाण्यात. समुद्रात पाय सुटतील इथवर जायचं, तिथे तरंगत राहायचं, एवढंच मला हवं होतं. ते जमणार होतं फक्त उगवतीला. मावळतीचा लाल झेंडा उतरलेला मी कधी पाहिलाच नव्हता.

आता पुढच्या हिवाळ्यापासून हे नोकरीतून मोकळे होणार होते, आणि मीही शाळेच्या ऑफिसातलं अर्धवेळ काम सोडणार होते. थंडीचे महिने तिकडे, बाकीचे इकडे, असा बेत होता. गाव एकच धरायचं, म्हणजे भाड्याच्या घरात आपली भांडी आणि अंथरुणं ठेवून येता येतील.

ते निवडायचं कसं, यावर आमच्यात वाद झालाच नाही. कारखान्यात पुरवठादार निवडायचा असला की तक्ता मांडतात. प्रत्येक मुद्द्याला वेटेज द्यायचं, सगळं मिळून शंभर. रविवारी नाश्त्याच्या बशा बाजूला सारून आम्ही बसलो. दवाखाना, विमानतळ, वीज, भाजी, डास, वादळं, किनाऱ्यावर येऊन कुजणारं शेवाळ. मी भराभर सांगत गेले, हे लॅपटॉपवर भरत गेले. दवाखान्याला भरपूर दिलं, विमानतळाला त्याखालोखाल. अगदी शेवटी उरलेल्यातून ह्यांनी सूर्यास्ताला पाच टक्के दिले आणि मी पोहण्याला पाच. आपण किती समंजस माणसं आहोत, असं दोघांनाही वाटलं असणार.

मावळतीचं गाव जिंकलं. दवाखान्याच्या जोरावर.

"गेनाऊ," हे स्क्रीनकडे बघत म्हणाले. इतकी वर्षं कारखान्यात काढल्यावर 'बरोबर' हा शब्द ह्यांच्या तोंडी जर्मनमधूनच येतो.

"ठरलं तर," मी म्हणाले आणि बशा उचलल्या.

हॅम्बर्गला असलेल्या आमच्या मुलीला फोन करून सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. ती हसत सुटली. "म्हणजे बाबा समुद्राकडे बघत बसणार, आणि तू बाबांकडे?"

त्यानंतर तलावात मला काहीतरी व्हायला लागलं. पाण्याखाली डोळे उघडले की फरशांच्या रेघा विरघळायच्या, खाली वाळू यायची, वाळूवर माझी सावली माझ्याबरोबर सरकायची. कुठेतरी लांब भिंतीवर लाट फुटल्याचं ऐकू यायचं. मग हाताला तलावाचा काठ लागायचा. मी वळायचे, पुन्हा वाळू. मी हळू पोहायला लागले, काठ उशिरा यावा म्हणून.

वसंतात एका सकाळी ह्यांनी विचारलं, "अगं, न्यायच्या सामानाची यादी कुठंय?"

"केली नाही."

ह्यांनी चष्मा काढला. "केली नाही? तू? ताप आहे का?"

"अहो, मला पोहायचंय. समुद्रात."

"मग होता की तो मुद्दा!"

"पाच टक्क्यांचा."

"तूच दिलेस."

"मीच दिले."

"आल्झो, मग वाढव ना. पंधरा कर."

"आकडे असे वळवायचे होते तर तक्ता मांडला कशाला?"

तक्त्याचा मान ह्यांनी आयुष्यभर ठेवला होता. चष्मा पुसून परत चढवत म्हणाले, "समुद्र म्हणजे तुझं हॉलेनबाड नव्हे. तिथे काठी घेऊन कोणी चालत नाही. आमच्या घरात कुणी कधी आत गेलं नाही. नारळी पौर्णिमेला वडील नारळ सोडायचे, तोसुद्धा पाऊल भिजेल इतक्याच पाण्यातून."

"म्हणून तुम्हाला तो लाल झेंडा आवडतो. आणि म्हणे गुहागरचे!"

"बरं, सोलापूरच्या जलपरी," हे म्हणाले, पण हसले नाहीत. "चाचणी झाल्याशिवाय मी कारखान्यात कुठलाच सुटा भाग पास केलेला नाही. आधी इथल्या समुद्रात पोहून दाखव. मग बघू."

जूनमध्ये आम्ही उत्तरेला बाल्टिक समुद्रावर गेलो. वेताच्या आडोशाच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, त्यांत पांघरुणं घेऊन बसलेली म्हातारी जोडपी, आणि दुधात चिमूटभर निळं मिसळावं तसलं पाणी. वारा पडला होता. मी पोहण्याचे कपडे घालून उभी राहिले, आणि हे टॉवेल छातीशी धरून शेजारी.

पाणी इतकं थंड होतं की आधी फक्त दुखलं. मग दुखायचं थांबलं. पावलाखालची वाळू उतरत गेली, एकदा टेकली, पुन्हा टेकली, आणि मग नव्हतीच. मी श्वास सोडला. तो परत मिळाला. पाण्याला चव होती. खाली फरशा नव्हत्या, काठ नव्हता, वळायला काही नव्हतं, आणि पुढे आकाश आणि समुद्र यांच्यामधली रेघ कुणीतरी बोटानं पुसून टाकली होती. मी उताणी झाले. कानांत पाणी गेलं, आणि सगळं जग फार लांबून, फार मायेनं गुणगुणल्यासारखं ऐकू यायला लागलं. किती वेळ तशी होते, मला सांगता येणार नाही.

वळले तेव्हा किनाऱ्यावर हे दिसेनात. मग दिसले. पँट-शर्टसकट कमरेएवढ्या पाण्यात उभे, टॉवेल दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला. जवळ गेले तर माझ्यापेक्षा जास्त तेच कुडकुडत होते.

"हाका मारत होतो! ऐकू येत नाही का?"

"नाही आल्या."

"इतकं लांब जातं का कुणी!" त्यांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि आवाज खाली आला. "तिकडे भिंतीच्या अलीकडेच राहायचं. कळलं?"

"तिकडे म्हणजे कुठे?"

"उगवतीला. आपण सुट्टीत राहायचो त्या घराच्या मालकिणीला आजच मेल टाक, नाहीतर दुसऱ्या कुणाला देईल ती."

"आणि तक्ता?"

"चाचणीत नवीन काही निघालं की तक्ता बाद होतो," हे म्हणाले आणि पँट पिळत किनाऱ्याकडे निघाले.

परतताना हमरस्त्यावर गाड्यांची रांग लागली. पुढे काहीतरी काम चाललं होतं. आम्ही दक्षिणेकडे तोंड करून उभे, आणि माझ्या बाजूच्या खिडकीबाहेर, पवनचक्क्यांमागे, शेताच्या कडेला सूर्य टेकायला आला होता. घरमालकिणीला काय काय विचारायचं ते मी सांगत होते: गाद्या, गॅस, पिण्याचं पाणी. हे "हं, हं" करत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या पलीकडे बघत होते. मी बोलायची थांबले. सीटचा खटका दाबून पाठ मागे केली, आडवी झाले, त्यांना खिडकी मोकळी मिळावी म्हणून.