बुक्कीवाल्याची शेवटची फेरी

माझ्या धाकट्या भावाचं नाक तीन वेळा मोडलं होतं, आणि तरीही तो माझ्यापेक्षा देखणा दिसायचा. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्याकडून भलत्या मोठेपणाची अपेक्षा करणार नाही. माझं नाक देवानं दिलं तसं आजही सरळ आहे. त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

माण तालुक्यातल्या आमच्या गावात त्याला सगळे बुक्कीवाला म्हणत. तो पलटणीत बॉक्सिंग खेळायचा. गावाला खेळ म्हणजे कुस्ती, बाकी सगळा पोरखेळ. आमचे तात्या वस्ताद उमेदीत सांगलीची मैदानं मारून आलेले. भाऊ जिंकल्याची बातमी आली की ते हटकून विचारायचे, "जितला म्हंतुयास, पर समोरच्याची पाठ लागली का?" पाठ नाही लागली, गुणांवर जिंकला, असं सांगितलं की मान हलवायचे. "मग बरुबरीत सुटली म्हन की!" मला ते वस्ताद फार आवडायचे.

आता मुळातलं दुखणं सांगतो. स्वातंत्र्याच्या आगेमागे साताऱ्याला सैन्यभरती निघाली. भरतीला मी गेलो होतो. तो माझी भाकरी धरायला आला होता. साहेबानं माझ्या छातीला फीत लावली, श्वास भर म्हणाला. मी डोळे बाहेर येईपर्यंत फुगलो, तरी अर्धा इंच कमीच. साहेबाची नजर माझ्यावरून घसरली ती लिंबाखाली बसलेल्या ह्या गड्यावर गेली. तो माझीच भाकरी खात होता. बोलावलं त्याला. "म्या न्हाई, ह्यो माझा आण्णा आलाय भरतीला," असं तो सांगत राहिला आणि त्यांनी तेवढ्यात त्याची छाती मोजली. परतीच्या मोटारीत माझ्या मांडीवर भाकरीचं रिकामं फडकं होतं. वडील नव्हते, तेव्हा जमीन, मेंढरं आणि आई माझ्या वाट्याला आली आणि हिंदुस्थान त्याच्या.

तो रजेवर आला की घरातल्या म्हशीचं दूध कुणाच्या पोटात जायचं, हे सांगायला नको. धार मी काढायचो. आई चरवी माझ्या हातातून घ्यायची ती थेट त्याच्या पुढ्यात. "आण्णांस्नी दे की," तो म्हणायचा. "त्याला काय, त्यो हितंच हाय," आई म्हणायची. मी हितंच होतो, म्हणून मला कोरा चहा. तो मात्र अर्धी चरवी ठेवून उठायचा आणि मला डोळ्यांनी खुणावायचा. त्याचं उष्टं दूध मी कधी प्यालो नाही. मांजराला घातलं, पण प्यालो नाही.

त्याचं एक बोलणं गावात सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. बुक्की लागून खेळाडू पडला की पंच दहापर्यंत आकडे मोजतो. ह्याचं म्हणणं, "आठ हुईस्तवर गप पडून ऱ्हायाचं, दम घ्यायचा. नवाला उठायचं." पाऊस हुकला, मेंढरं मेली, कुणाची सोयरीक मोडली, की लोक एकमेकांना सांगायचे, अजून आठच झाल्यात गड्या, नवाला उठ. दुष्काळात गावातली निम्मी माणसं मुंबईला गेली, तेव्हा बांधाबांधावरून हिंडून मेंढरं जगवली मी, आणि लोकांना धीर कुणाचा आला? पलटणीत बसून पोटभर जेवणाऱ्याचा! असो.

मी सातवी झालेलो, त्यामुळे गावची पत्रं वाचायचं काम माझ्याकडे. म्हणजे त्याच्या विजयाच्या बातम्या माझ्याच तोंडून गावाला कळायच्या. देवळासमोर माणसं जमायची आणि मी वाचायचो. "साहेबांनी मला खांद्यावर घेतले" असं काही आलं की मी खोकायचो आणि पान उलटायचो. तरी कुणीतरी म्हणायचंच, "आण्णा, त्ये मगाचं पुन्यांदा वाचा की."

चौसष्ट साली असंच एक पत्र आलं. पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत, पस्तिशी गाठलेल्या ह्या माणसानं फायनल जिंकली होती, तीही बावीस वर्षांच्या पोराविरुद्ध. देवळासमोर नुसता हलकल्लोळ. पण खाली चार ओळी होत्या. "आता खेळ सोडावा म्हणतो. पेन्शन घेऊन घरीच येईन. आई आणि तुम्ही काय म्हणाल ते कळवा, तसे करीन." मी त्याही वाचल्या आणि गावात दोन तट पडले.

किराणा दुकानदार म्हणाला, "सोडतुय कशापायी? आत्ता कुठं पेपरात नाव आलंय!" तात्या वस्ताद म्हणाले, "जितलाय तवर उतरू द्या खाली. म्या दोन वर्सं जास्ती लढलो. त्या दोन वर्सांत ज्यांनी मला पाडला त्यांचीच नावं लोक सांगत्यात." दिवस मावळेपर्यंत वाद चालला. आणि सगळ्यांत तावातावानं बोललो मी. पस्तिशी म्हणजे काय वय झालं? गावाचं नाव आहे, देशाचं नाव आहे, अशा वेळी माघार? माझा घसा बसला. माणसं म्हणाली, आण्णाचा भावावर लय जीव हाय.

जीव कसला! तो लांब होता तोवर घरात निदान मला विचारून नांगर जुंपला जायचा. तो आला की मी कोण? सतरा वर्षं आईच्या उशाशी मी बसलो आणि ती त्याच्या चार ओळींच्या पत्रावरून पदर फिरवायची. ती तर वाद ऐकायला आलीसुद्धा नाही. चुलीपुढूनच म्हणाली, "लिव्ह त्याला, ये म्हनावं. लय झालं मार खानं."

मी लिहिलं, "गाव म्हणते खेळत राहा. आईचीही तीच इच्छा आहे. ती म्हणते, आमची काळजी करू नकोस."

दोन महिन्यांनी तो ट्रंक घेऊन दारात उभा! आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिसऱ्या दिवशी आम्ही विहिरीवर भाकरी खायला बसलो, तेव्हा कांदा फोडता फोडता म्हणाला, "आण्णा, पत्रातलं आईचं त्ये वाक्य तुमचं हुतं न्हवं?"

मी वाकून विहिरीत बघायला लागलो.

"आवं, आपली आई कवा काळजी करू नको म्हनंल व्हय? ती तर रोज करायला लावती." आणि हसायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग हसू थांबवून म्हणाला, "एक सांगू का? मी जितलोच न्हाई."

फायनलला समोर त्याच्याच पलटणीतला पोरगा होता, त्यानंच शिकवलेला. "पैल्या दोन फेऱ्यांत त्यानं मला धुतला, आण्णा. तिसरीत एकाएकी हात खाली घेतलं, माझ्या बुक्क्या खात ऱ्हायलं. दमलं न्हवतं. मी शिकिवलंय त्याला, मला कळत न्हाई व्हय? त्यानं मला सोडलं. उस्ताद जातूय, जाऊ दे जितून, म्हनून. पंचानं माझा हात वर केला तवा वाटलं, वढून खाली घ्यावा. पर सगळी पलटण नाचत हुती. माझी जीभच उचलंना."

"मग हे मला कशाला सांगतोस?" मी विचारलं.

"दुसऱ्या कुनाला सांगू? आईला, वस्तादांस्नी, पोरांस्नी, सगळ्यांस्नी मी लय मोठा. मला मोठा मानत न्हाईत असं गावात तुमी एकलंच हायसा." त्यात टोमणा नव्हता. कांद्याची मोठी फाक त्यानं माझ्या भाकरीवर ठेवली. "मी हाय तवर कुनाफुडं बोलू नका. मागनं खुशाल सांगा."

मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटतंय? मला आनंद झाला. उकळ्या फुटल्या. मोट हाकताना मी शीळ घालायला लागलो. लोक रस्त्यात त्याच्या पाया पडायचे आणि मी मनात म्हणायचो, पडा, पडा! पंधरा-वीस दिवस असे मजेत गेले की सतरा वर्षांत गेले नसतील.

मग तात्या वस्तादांनी सांगलीला त्याचा सत्कार ठरवला. कृष्णेकाठी कुस्त्यांचं मैदान होतं, मधल्या वेळात फेटा, शाल, नारळ. माणसं मावत नव्हती. हळदपेठेतले व्यापारी पुढच्या खुर्च्यांवर बसलेले. शाल पडली, टाळ्या झाल्या आणि लोक ओरडायला लागले, "शेवटची फेरी सांगा! शेवटची फेरी!" बुक्कीवाला उठला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "मला बोलाया जमत न्हाई. आमचं आण्णा सांगतील." आणि माईक माझ्या हातात!

तो गुलाबी फेटा बांधून खुर्चीत बसला. गुडघ्यांवर हात उघडे ठेवलेले. माझ्याकडे बघत होता, पण नजरेत विनवणी नव्हती. काय बोलायचं ते बोला, असं सरळ बघत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निदान घाबरावं तरी माणसानं!

मी पहिल्या दोन फेऱ्या सांगितल्या, खऱ्या खऱ्या. माझ्या भावानं कसा मार खाल्ला ते चवीनं सांगितलं. "आणि तिसऱ्या फेरीत," मी म्हणालो, "त्या पोराचे हात एकाएकी खाली आले."

"का वो?" मागून कुणीतरी ओरडलं.

सतरा वर्षं जे हवं होतं ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं. एक वाक्य बोलायचं, बस्स. मी त्याच्याकडे पाहिलं. फेट्याखाली ते वाकडं नाक. तीन वेळा मोडलं तेव्हा किती दुखलं असेल, हे माझ्या मनात त्या क्षणापर्यंत कधी आलंच नव्हतं. ते तेव्हा आलं, आणि मला स्वतःचाच राग आला.

"माझ्या भावानं मारून मारून खाली आणले!" मी ओरडलो.

काय तो गलका! फेटे उडाले. वस्तादांनी त्याला मिठी मारली. मला कुणी नारळसुद्धा दिला नाही.

परतीच्या एस्टीत कंडक्टरनं त्याला ओळखून खिडकीची जागा दिली. मी शेजारी बसलो. त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाला, "आण्णा, तुमी बी सोडलं व्हय मला?"

"गप बस," मी म्हणालो. तो दहिवडी येईपर्यंत गप्प बसला.

त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला. सकाळी मला विचारून कामाला लागायचा, तर लोक म्हणायचे, एवढा मोठा माणूस, पण भावाच्या शब्दाबाहेर नाही! त्यातही कौतुक त्याचंच. रोज रात्रीचं जेवण झालं की मी त्याला तोंडावर सांगायचो, आज तुझा ह्या ह्या गोष्टीसाठी राग आला. तो पोट धरून हसायचा.

गेल्या माघात तो गेला. माळावर माणसं मावेनात. साताऱ्याहून, सांगलीहून, कुठून कुठून आली होती. चितेपाशी उभा असताना माझ्या मनात आलं, माझ्या वेळी ह्याच्या निम्मीसुद्धा येणार नाहीत. हे ज्याला सांगता आलं असतं असा मला जगात एकच माणूस होता, आणि तो लाकडांवर निजला होता.