मामांचा बाप्तिस्मा आणि झाकलेला हौद

माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते, आणि देवाच्या बाबतीत त्यांनी जन्मभर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली होती.

हदगावला त्यांचं घर. बायको देवभीरू, मुलगी देवभीरू, जावई तर थेट पास्टर (म्हणजे मी). मामा स्वतः मात्र दर नाताळाला चर्चमध्ये यायचे, शेवटच्या बाकावर दाराशी बसायचे, केक खायचे आणि जायचे. बाप्तिस्म्याचं नाव काढलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "घाई काय हाय? कंडक्टरनं डबल बेल मारली की निघू!" सासूबाई त्यांच्यासाठी प्रार्थना करून करून थकल्या आणि गेल्या. जाताना त्यांनी माझ्या बायकोचा, प्रमिलाचा, हात धरून एवढंच सांगितलं, "तुझ्या बापाला पाण्यात उतरलेलं तेवढं बघ, बाई." तेव्हापासून ते काम प्रमिलाच्या अंगावर होतं. आणि प्रमिलाच्या अंगावरचं काम शेवटी कुणाच्या डोक्यावर येतं, हे विवाहित वाचकांना सांगायला नको!

भूकंप झाला तेव्हा मामा आमच्याकडे लातूरलाच मुक्कामाला होते. तेव्हापासून त्यांनी स्लॅबखाली झोपणं सोडलं. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी एक पद्धत पडली होती. झोपताना उशाशी तांब्यावर तांब्या, त्यावर पेला असं रचून ठेवायचं. जमीन हलली की भांडी पडणार, भांडी पडली की आपण पळणार. पुढे वर्षं गेली, रचलेली भांडी मांडणीवर परत गेली, पण कान काही परत गेले नाहीत. मांजरानं पातेलं पाडलं तरी अख्खी गल्ली रस्त्यावर! मामा सगळ्यात पुढे.

आणि एका उन्हाळ्यात, आदल्या दिवशीच हदगावहून आलेले मामा सोमवारी सकाळी चहाच्या बशीत फुंकर मारता मारता म्हणाले, "जावईबापू, घेऊन टाका आता पाण्यात."

प्रमिलाच्या हातातली चहाची गाळणी खाली पडली. (मामा दोन पावलं दाराकडे जाऊन परत आले.)

"पण माझ्या दोन अटी हायत," मामा म्हणाले. "डोक्यासगट बुडवायचं. ते वरून शिंपडणं-बिंपडणं न्हाई. बोनेटवर पाणी मारलं म्हंजे गाडी धुतली का? आन् दुसरं, ह्याच रविवारी. रविवार झाला की मी चाललो हदगावला. पुन्हा मला कोणी इचारू नका."

"ह्याच रविवारी मामा, नक्की!" असं मी तोंडभरून म्हणालो, आणि मग मला लातूर आठवलं.

लातुरात त्या उन्हाळ्यात पाणी कुठे होतं? नळ कधी येईल ते नळालाही माहीत नसायचं. त्यात क्लासेसची धामधूम. गावोगावची लेकरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आमच्या शहरात उतरलेली, घराघरात मावतील तेवढ्या कॉट टाकलेल्या, आणि प्रत्येक कॉटवरचं लेकरू रोज आंघोळ मागणारं! चर्चच्या मागच्या अंगणात आमचा बाप्तिस्म्याचा हौद होता खरा, पण तो इतका कोरडा, की प्रमिला त्यात कुरडया वाळत घालायची.

शेवटी आमच्या मंडळीतले वडीलधारे दावीदराव धावून आले. त्यांच्या ओळखीनं गुरुवारी एक टँकर आला आणि हौद काठोकाठ भरला. कुरडया घरात, पाणी हौदात! वर ताडपत्री घातली, कडेनं दगड ठेवले. प्रमिला कितीतरी वेळ तिथेच उभी होती. "आईनं बघायला पाहिजे होतं हे," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. मला त्या क्षणी त्या ताडपत्रीवर पहारा द्यावासा वाटला. दिला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आता माझ्या संदेशाबद्दल सांगायला हवं. पास्टरचा संदेश लोक साधारणपणे चपला सापडेपर्यंत विसरतात. पण टँकर येण्याआधीच्या रविवारी मी जो दिला, तो काही केल्या विसरला गेला नाही. विषय होता तहानलेल्याला पाण्याचा पेला. प्रभूच्या नावानं दिलेला साधा पाण्याचा पेलासुद्धा वाया जात नाही, असं मी सांगितलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं! पण रंगात आलेल्या पास्टरला कोण थांबवणार? मी पुढे म्हणालो, द्यायचं ते गुपचूप द्या. उजव्या हातानं दिलेलं डाव्यालाही कळू देऊ नका. बायकांच्या बाजूनं हुंदका ऐकू आला. दावीदराव चष्मा पुसत होते. मी स्वतःवरच खूश होऊन घरी आलो आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

टँकर येऊन गेल्यावर त्याच संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून बिराजदार काकूंनी हाक मारली. शेजारी त्यांची मुलींची मेस आणि वर खोल्या, सगळ्या क्लासेसच्या पोरी.

"पास्टर, पोरींची उद्या टेस्ट हाय वो, आन् तोंड धुवायला थेंब न्हाई बगा घरात. दोन घागरी देता का?"

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ताडपत्रीचं टोक उचललं. दोनच्या चार घागरी दिल्या आणि हळूच म्हणालो, "काकू, कुणाला सांगू नका."

"न्हाई की! मी कशाला सांगू?" काकू म्हणाल्या. मी ताडपत्री नीट केली, दगड होता तिथे ठेवला. एवढ्या मोठ्या हौदातून चार घागरी म्हणजे काय? शुक्रवारी पुन्हा दिल्या. शनिवारीही.

रविवारी उपासना संपली आणि सगळी मंडळी गात गात अंगणात आली. मामा पांढरंशुभ्र धोतर आणि सदरा घालून तयार. मी पांढरा झगा चढवलेला. बिराजदार काकू भिंतीपलीकडे स्टुलावर उभ्या. मी मोठ्या थाटात दावीदरावांना खूण केली. त्यांनी ताडपत्री ओढली.

हौदात घोट्याएवढं पाणी होतं, आणि त्यात आमच्याच घरचा एक स्टीलचा पेला बुडालेला होता!

गाणं मधल्याच कडव्यात बंद पडलं. मी प्रमिलाकडे पाहिलं. प्रमिला आभाळाकडे पाहायला लागली.

"प्रमिला?"

"मी फक्त बिराजदार काकूंना... थोडंसं... तुम्हीच तर म्हणालात गुपचूप द्या!"

"तू पण?"

"पण म्हणजे?" प्रमिलानं आभाळावरची नजर माझ्यावर आणली.

तेवढ्यात दावीदराव खाकरले. "पास्टर, मागच्या बोळातल्या पोरांना मी पण बादली-बादली... उजव्या हातानं." मग गायकमंडळातून कुणी खाकरलं, बायकांतून कुणी खाकरलं. थोड्याच वेळात अख्खी मंडळी दम्याच्या दवाखान्यात बसल्यासारखी खाकरत होती! इतकं आज्ञाधारक चर्च मला पुन्हा कधी मिळालं नाही.

"मला काय म्हाईत वो!" काकू स्टुलावरून ओरडल्या. "तुमी परत्येकजण येऊन म्हणलात, कुणाला सांगू नका! मी न्हाई सांगितलं!"

मामांनी हौदात वाकून पाहिलं. "हे काय? एवढं तर रेडिएटरात बसते."

"मामा, शिंपडून घेऊ या," मी चाचरत म्हणालो. "देव मन बघतो..."

"न्हाई." मामा सरळ उभे राहिले. "बोलणं झालं होतं आपलं. ऱ्हाऊ द्या. नसंल माझ्या नशिबात. मी पिशवी भरतो."

ते घराकडे वळले. मी प्रमिलाचा चेहरा पाहिला. आईला दिलेला शब्द तिच्या हातातून निसटत होता, आणि तो निसटवायला मी स्वतः भर उपासनेत, घसा फोडून मदत केली होती. मला अक्षरशः रडू आलं.

काकूंनीही तो चेहरा पाहिला असणार. त्यांनी मागे वळून गच्चीकडे जी आरोळी ठोकली, तिनं कबुतरं उडाली. "ए पोरींनोऽऽ! भरून ठेवलेल्या बादल्या घेऊन या खाली! आजच्या दिस आंघोळ न्हाई केली तर काय नंबर जात न्हाई तुमचा!"

पोरी आल्या. बादल्या, घागरी, हंडे घेऊन आल्या. एकीच्या एका हातात सूत्रांचा कागद, दुसऱ्या हातात बादली. एक तर पाण्याची बाटलीच घेऊन आली. "अंकल, ह्यातलं थोडं प्यालेय मी. चालेल का?" मागच्या बोळातली पोरंही आली. दारातून परत फिरलेले मामा तोंड उघडं टाकून बघत राहिले. माझा संदेश बादल्या भरभरून माझ्याकडे परत येत होता, आणि मी झग्याच्या बाह्या सावरत एकेक बादली हौदात ओतत होतो.

पाणी गुडघ्याला लागलं. मामा उंचेपुरे, पण बसवून मागे झोपवले तर डोकं बुडणार होतं. ते पाण्यात बसले. मी त्यांच्या पाठीला हात लावला, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

माझी प्रार्थना लांबते, असं प्रमिलाचं म्हणणं आहे. मी नोहाच्या जलप्रलयापासून सुरुवात केली. प्रमिला खोकली. मी तांबड्या समुद्रापर्यंत आलो. प्रमिला पुन्हा खोकली. यार्देन नदी जवळच दिसत होती, इतक्यात हौदाच्या काठी एकावर एक रचलेल्या रिकाम्या घागरींना कुणाचातरी धक्का लागला.

ठण्ण! ठण्ण!

मंडळी पळाली! मुळात सगळे उघड्यावरच होते, म्हणून ते अंगणाच्या या टोकाकडून त्या टोकाला पळाले. (दावीदराव चर्चच्या आत पळाले. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.) पाण्यातले मामा सपकन उभे राहिले. त्यांचं डोकं माझ्या हनुवटीवर बसलं, माझे पाय ओल्या फरशीवरून सुटले, आणि मी, नियुक्त पास्टर, झग्यासकट, डोक्यासगट, पार तळाला गेलो!

वर आलो तेव्हा जमीन जागेवर होती. मामा कमरेपासून वर कोरडे ठणठणीत, माझ्याकडे बघत उभे.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "दोनदा वाजली न्हाई का?"

"काय?"

"बेल. डबल बेल मारली त्यानं." आणि मामांनी आभाळाकडे एक बोट केलं. "आता निघावं लागते. बसतो मी. तुमी लांबड लावू नका."

त्यांनी नाक धरलं. मी एका दमात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणालो आणि त्यांना मागे झोपवलं. पूर्ण, डोक्यासगट. माझ्या सेवेतला तो सगळ्यात छोटा आणि सगळ्यात चांगला बाप्तिस्मा! ते वर आले तेव्हा प्रमिला चांगल्या साडीनिशी हौदात उतरली होती. ओल्या बापाच्या गळ्यात पडून ती फक्त "झालं गं आई, झालं," असं म्हणत राहिली. मेसच्या पोरी टाळ्या वाजवत होत्या. काकू डोळे पुसत विचारत होत्या, "आता हे पाणी झाडांला घालू का वो?"

बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच घ्यायचा असतो, असं मी आजही शिकवतो. पण हदगावच्या स्टँडवर उतरलो की मला मान खाली घालूनच चालावं लागतं. कारण मामा तिथे जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांत चहा पीत बसलेले असतात आणि मला बघताच मोठ्यानं सांगतात, "हे आमचे जावई. लई मोठे पास्टर हायत. पण यांचं पहिलं काम पक्कं झालं नव्हतं. मग मीच पाण्यात उतरून करून दिलं!"