तीनचा भोंगा

आमच्या शेजारच्या सुंदरम्माला सोलापूरची गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, जत्रा तीन तासांत उरकायची होती. दोन लेकरं, तीन तास, आणि मदतीला कोणी नको. ऐकणाऱ्याला हसू यायचं. मला येत नव्हतं, कारण त्यामागचं कारण मला माहीत होतं.

सुंदरम्मा चन्नप्पांची दुसरी बायको. चन्नप्पा नव्या पेठेत कापडाच्या दुकानात कापड मोजायला होते. पहिली बायको धाकटीच्या बाळंतपणात गेली. मागं मल्लू, तीन वर्षांचा, आणि गौरा, नुकती जन्मलेली. गौराला तिची आजी चंद्रव्वा अक्कलकोटाकडच्या आपल्या गावी घेऊन गेली, सहा महिने सांभाळली आणि सुंदरम्माचं लग्न झाल्यावर आणून तिच्या ओटीत घातली. घालताना चारचौघांत म्हणाली, "वर्षभर बघते. लेकराची हेळसांड दिसली तर परत घेऊन जाईन. मग कुणी मला अडवायचं न्हाय."

ते वर्ष या संक्रांतीला भरत होतं. पंचाहत्तर सालची संक्रांत.

सुंदरम्माचं माहेर सांगोल्याकडचं. बहात्तरच्या दुष्काळात टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून पहाटेपासून घागरी रांगेत लावून ठेवायच्या, ही तिची सवय. इथं नळाला पाणी होतं तरी ती रोज रात्री सगळी भांडी भरून ठेवायची. कुठलीही गोष्ट आयत्या वेळेवर सोडणं तिला ठाऊकच नव्हतं. हात रिकामा नाही, डोकं रिकामं नाही. बसली तरी पायाचा अंगठा हलत असायचा.

मल्लू तिला कशानंच हाक मारायचा नाही. काही हवं असलं की मागून येऊन पदर ओढायचा. ती वळून बघायची आणि विचारायची, "काय रं?" एवढंच. तिनं कधी त्याला "असं म्हण, तसं म्हण" म्हटलेलं मी ऐकलं नाही.

डिसेंबरात मल्लूनं गड्ड्याचा ध्यास घेतला. कुणाकडून तरी ऐकलं होतं की तिथं लाकडी घोडे गोल गोल फिरतात. दिवसातून दहा वेळा पदर ओढायचा आणि म्हणायचा, "घोडा कदी?" चन्नप्पांना जत्रेच्या दिवसांत दुकानातून मान वर करायला फुरसत नसे. तेव्हा सुंदरम्मानं ठरवलं, आपणच न्यायचं. जत्रा चांगली पंधरा-वीस दिवस चालते, तेव्हा शोभेचं दारूकाम होऊन गर्दी ओसरली की एका दुपारी जाऊन यायचं.

आणि मग तिची तयारी सुरू झाली.

एक दिवस बघते तर ही कडेवर पिशवी घेऊन गल्लीतून चालली आहे. पिशवी हातात नाही, खांद्यावर नाही, कडेवर. पोर घेतात तशी.

"दळणाला निघालीस काय गं?"

"न्हाय अक्का, गड्ड्याला."

"ज्वारी घेऊन?"

"दहा किलो हाय. गौरा एवढीच भरती. बघते, कुटंपर्यंत हात दुखत न्हाय ते."

तेवढ्यापुरतं मलाही हसू आवरलं नाही. ती मात्र हसली नाही. जत्रा भरते त्या होम मैदानापर्यंत जाऊन आली आणि मला सांगितलं, जाताना दोनदा कड बदलावी लागली, येताना चारदा. म्हणजे येताना मध्ये बसायला जागा हवी. ती जागाही बघून आली होती, एका लिंबाच्या झाडाखालचा दगडी कट्टा.

दुसऱ्यांदा गेली ती भोंगा ऐकायला. आमच्याकडे सगळा दिवस मिलच्या भोंग्यावर चालायचा. सकाळी सातचा भोंगा झाला की चहा, बाराचा झाला की ताटं, तीनचा झाला की बायका पाण्याला. सुंदरम्माला घड्याळ वाचता येत नव्हतं. मी म्हटलं होतं, ह्यांचं जुनं घड्याळ देते, काटे कसे बघायचे ते शिकवते. ती म्हणाली, "नको अक्का. काट्यांत मी चुकीन. भोंगा चुकत न्हाय." पाळणे उभारायला सुरुवात झाली होती, लाउडस्पीकरवर गाणी लागत होती, मौतच्या विहिरीतली मोटरसायकल फटफटत होती. त्या सगळ्या कल्लोळात उभं राहून तिनं तीनचा भोंगा ऐकू येतो का ते पाहिलं. आला. तेव्हा कुठं तिचं समाधान झालं.

मग तिनं मला सगळं लिहून द्यायला लावलं. "वाचणार कोण?" मी विचारलं. "लिवलं की पक्कं होतंय," ती म्हणाली. मी जुन्या कॅलेंडरच्या पानामागं लिहिलं. ती सांगत होती, मी लिहीत होते, आणि मध्येच ती उठून फेऱ्या मारत होती.

पुढं सगळं बिघडलं ते एका पोस्टकार्डानं. चंद्रव्वानं गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं. दारूकामाच्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं येते, चार दिवस राहून गौराला घेऊन जाईन म्हणते.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा सुंदरम्मा शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला नाही. पण दाणे टरफलांच्या ढिगात आणि टरफलं दाण्यांत पडायला लागली.

"'म्हणते' असं लिहिलंय," मी म्हटलं. "म्हणजे अजून नक्की नाही."

"न्यायचंच आसंल तर त्याच्या आदी एकडाव दोघास्नी जोडीनं घोड्यावर बसवते."

"अगं, पण त्याच दिवशी संध्याकाळी दारूकाम. सगळं सोलापूर लोटतं तिथं."

"दारूकाम रात्री. मी बाराच्या भोंग्याला निघते, तीनच्या भोंग्याला उठते. आजी यायच्या आत लेकरांची हातपाय धुवून, गंध-पावडर करून बसवते. बघंल तरी, लेकरं हसत हायत."

कागदाच्या तळाशी तिनं सांगितलेली आणखी एक ओळ मी लिहिली. मलाही ते पटलं. हे मी आज मुद्दाम लिहिते, कारण नंतर सगळ्यांनी तिलाच बोल लावला. कागद माझ्या अक्षरातला होता.

त्या दिवशी बाराचा भोंगा झाला आणि ती निघाली. कडेवर गौरा, हाताला मल्लू, खांद्याला पिशवी. मी दारातूनच सिद्धेश्वराच्या दिशेनं हात जोडले आणि कामाला लागले.

कामात किती वेळ गेला कळलं नाही. मशीनवर परकराची शिलाई चालली होती. मन मधूनमधून भोंग्याकडं होतं. अजून झाला नाही, म्हणजे अजून वेळ आहे, असं म्हणत मी शिवत राहिले. घरात घड्याळ होतं, पण ते आतल्या खोलीत, आणि कान असताना उठून घड्याळ बघायची आम्हाला सवय कुठं?

दाराशी रिक्षा थांबली. चंद्रव्वा उतरली. हातात कडक भाकरींचं गाठोडं, काखेत एक नवं कोरं दुपटं, लाल काठाचं. ते दुपटं कशासाठी ते मला लगेच कळलं.

"कुलूप कसं काय? कुटं हायत समदी?"

मी आत जाऊन घड्याळ बघितलं. साडेपाच.

 बाहेर येऊन म्हटलं, "गड्ड्यावर गेलीय लेकरांना घेऊन. येईलच. तीनलाच निघणार होती."

"आज? दारूकामाच्या दिशी? दीड वर्साचं लेकरू घेऊन?"

"आत बसा, चहा टाकते."

"च्या नको. पाणी दे." तिनं पाणी घेतलं, प्यायली नाही. माझ्या उंबऱ्यावर बसली आणि रस्त्याकडं बघत राहिली. "चन्नप्पाला ठावं हाय?"

"आहे."

"त्यो तरी बरा. कापड मोजतोय, लेकरं मोजत न्हाय."

मी उभी, ती बसलेली. मी आत जात होते, बाहेर येत होते. रस्त्यानं माणसांची रीघ लागली होती, सगळी एकाच दिशेला, गड्ड्याकडं. बाया नटलेल्या, पोरं खांद्यावर. त्यातलं एकही माणूस उलटं येताना दिसेना.

"बाई," चंद्रव्वा एकदम म्हणाली, "तुमच्या हितं त्यो भोंगा बोंबलत असतोय की. मागं आले तवा गौरा दचकायची. आज गप का?"

बाराचा झाला होता. त्यानंतर काही ऐकल्याचं मला आठवेना.

समोरून मिलमधला कोंडीबा चालला होता, धुतलेला सदरा, कपाळाला विभूती. मी हाक मारली. "कोंडीबा, तीनचा भोंगा झाला का रे?"

"कशाचा भोंगा, वैनी! बारालाच सोडलं की आमाला. दारूकाम न्हाय का आज! अर्दी सुट्टी दिली. मिल बंद, मग भोंगा कोण वाजवणार?" तो हसत पुढं गेला.

मी चंद्रव्वाशेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं. सुंदरम्मा तिथं कट्ट्यावर बसून भोंग्याची वाट बघत असणार. वाजला नाही म्हणजे तीन झाले नाहीत. उन्हापेक्षा तिचा भोंग्यावर विश्वास.

"आणि सूर्य? सूर्य न्हाय दिसला तिला?" असं म्हणून चंद्रव्वा उठली, पदर खोचला आणि चार पावलं गेली. मग त्या गर्दीकडं बघून परत आली. "कुटं शोदायचं, बाई? ह्यात मीच हरवंन." पहिल्यांदाच तिचा आवाज म्हाताऱ्या बाईसारखा वाटला.

दिवे लागले. मी देवापाशी निरांजन लावलं. मागणं सुद्धा धड सुचेना. "लेकरं घरी येऊ देत" एवढंच म्हणत राहिले. लांबून दारूकामाचा पहिला आवाज आला तेव्हा आम्ही दोघी एकदम उभ्या राहिलो.

आणि मग ती आली. गर्दीच्या उलट्या दिशेनं, भिंतीला घसटून, एकेका घराच्या ओट्याला धरत. गौरा खांद्यावर झोपलेली. मल्लूला तिनं पदराच्या टोकानं स्वतःच्या कमरेला बांधलं होतं, दोन गाठी मारून. केस सुटलेले, एका पायात चप्पल नाही. चंद्रव्वाला बघितलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"भोंगा झाला न्हाय," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. "मी ऐकत होते. अख्खा वेळ ऐकत होते. झालाच न्हाय. दिवं लागलं तवा उठले."

चंद्रव्वा उंबऱ्यावरून खाली उतरली. पुढं होऊन गौराला तिच्या खांद्यावरून उचललं. मला वाटलं, झालं. आता ते लाल काठाचं दुपटं बाहेर निघणार.

चंद्रव्वानं लेकराचं अंग चाचपलं. लंगोट कोरडा. पाय गरम, दोन-दोन मोजे. कानात कापूस, वर टोपी. गौरानं झोपेतच ओठ चाटले. तोंडाला गूळ लागलेला होता.

"कापूस कशाला?"

"दारूचा आवाज... चुकून उशीर झाला तर म्हणून घेतला होता."

मल्लूला आता कंठ फुटला. "अज्जी, मी घोड्यावर बसलो! चारदा बसलो! गौरा पण! गौरा रडली न्हाय!" आणि पदराची गाठ सुटली नव्हती म्हणून तो सुंदरम्मालाही बरोबर ओढत होता.

चंद्रव्वानं पिशवी उंबऱ्यावर उपडी केली. चार कोरडे लंगोट, दोन ओले वेगळ्या फडक्यात. दुधात कुस्करलेल्या भाकरीचा डबा, घासून पुसून रिकामा. ओव्याचं पाणी. विभूतीची पुडी. जुन्या धोतराचा तुकडा. आणि ते कॅलेंडरचं पान.

"ह्ये काय?"

"मी लिहिलंय," मी म्हटलं. "तिनं सांगितलं तसं."

"वाच."

उंबऱ्यावरच्या उजेडात मी वाचलं. आधी देवाचं दर्शन, बाहेरूनच, रांगेत उभं राहायचं नाही. घोड्यावर बसताना गौराला मांडीवर घ्यायचं आणि मल्लूचा हात घोडेवाल्याच्या हातात द्यायचा. भजी द्यायची नाहीत, चिरमुरे चालतील. विहिरीच्या बाजूला जायचं नाही, गौरा फटफटीला घाबरते. मल्लू 'शू' म्हणेपर्यंत थांबायचं नाही, कट्ट्यावर पोचलं की आपणच न्यायचं. मल्लू रडला तरी तीनच्या भोंग्याला उठायचं. आजी यायच्या आत दोघांचे पाय गरम पाण्यानं धुवायचे.

शेवटचं वाक्य वाचून मी कागद खाली केला. सुंदरम्मा खाली बघत होती. तिच्या अनवाणी पायाचा अंगठा हलत होता.

चंद्रव्वानं तो कागद स्वतःच्या हातात घेतला. आकाशात लाल-हिरवा उजेड पडत होता, विझत होता.

"माजी लेक आसती तर एवडं लिवलं नसतं तिनं," ती शेवटी म्हणाली. "ती जीवाची आळशी होती. बरी होती, पर आळशी." डोळे पुसले आणि एकदम ओरडली, "बघतीस काय! कुलूप काड. पानी तापव. पाय धुवायचे हायत न्हवं लेकरांचे!"

चार दिवसांची आलेली चंद्रव्वा आठ दिवस राहिली. सुंदरम्माला धड झोप नव्हती. चुलीपाशी, न्हाणीत, भांडी घासताना तिची नजर त्या दुपट्याकडं जायची. म्हातारी रोज काही ना काही खोड काढायची. भाकरी जाड आहे, तेल फार लावतेस, पोराला समोर बघून चालायला शिकव. गौराचं नाव मात्र काढत नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी रिक्षा बोलावली. मी दारात गेले. चंद्रव्वा चढली, गाठोडं मांडीवर घेतलं. दुपटं काखेत नव्हतं. आत बघितलं तर गौरा तेच पांघरून झोपली होती, लाल काठ हनुवटीपर्यंत ओढलेला.

"पुढच्या साली मला बी ने गड्ड्याला," चंद्रव्वा रिक्षातून सुंदरम्माला म्हणाली. "तू भोंगा ऐक. सूर्याकडं मी बघते."

त्या दुपारी मी शिवत बसले होते. तीनचा भोंगा झाला, लांबलचक, नेहमीसारखा. भिंतीपलीकडं सुंदरम्माच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. मग मल्लूचा आवाज, पदर ओढत असणार, "घोडा कदी?"

"आता पुढच्या साली," ती म्हणाली. "अज्जी आली की."