क्लचवरचा लाकडी ठोकळा

तुमच्या घरातल्या गाडीची किल्ली या क्षणी कुणाच्या खिशात आहे? उत्तर देण्याआधी खात्री करून घ्या. हाच प्रश्न मी एकदा एका बापाला विचारला होता. तो खोटं बोलला. ते खोटं कसं उघडं पडलं, हे वर्दी उतरवल्यावरही मी विसरलेलो नाही.

ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यात मी ठाणेदार होतो. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. सकाळी धानाच्या पऱ्ह्यांनी, म्हणजे रोपांनी, भरलेली ट्रॉली ओढणारा एक ट्रॅक्टर वळणावर रस्ता सोडून कडेला गेला आणि रोवणीला निघालेल्या एका बाईच्या पायावरून चाक गेलं. तासाभरात ट्रॅक्टरचा मालक स्वतःहून ठाण्यात आला. गावातला मोठा शेतकरी, माजी सरपंच. मागे त्याचा सालगडी.

"याच्या हातून झालं साहेब," मालक म्हणाला.

"हो जी. मीच चालवत होतो," सालगड्याने खाली बघत सांगितलं.

आरोपी हजर, कबुली हजर, लायसन्सही हजर. हवालदाराने कागद पुढे ओढला. अशी प्रकरणं दुपारच्या जेवणाआधी आटोपतात. आमच्या हातून निरपराध माणूस तुरुंगात जातो तो अशाच घाईत.

दुपारी एक मजूर बाई आली. जखमी बाईच्याच टोळीतली. चिखलाने माखलेले पाय आत आणायला नको म्हणून ती दारातच उभी राहिली.

"साहेब, तुमी बसवून ठेवला त्याले मिशी हाय."

"मग?"

"ट्रॅक्टरवर होता त्याले अजून फुटाची हाय."

हवालदार हसला. ती हसली नाही. "माझं नाव लिहू नका जी. उद्या मालकाच्याच बांधीत रोवणी हाय आमची."

मी लगेच पंच आणि सालगड्याला घेऊन मालकाच्या अंगणात गेलो. ट्रॅक्टर चकचकीत धुतलेला होता. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर कोणी धूत नाही, कारण सकाळी तो पुन्हा चिखलातच जायचा असतो. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्या दिवशी मात्र शेतकऱ्याच्या डोक्यात शेती नव्हती.

"बस वर. क्लच दाब," मी सालगड्याला म्हणालो.

सहा फुटांचा माणूस. पाय उचलला तर गुडघा स्टिअरिंगला लागला आणि पाय पॅडलवरून घसरला. मी वाकून पाहिलं. क्लच आणि ब्रेक, दोन्ही पॅडलवर चार बोटं जाडीचे सागाचे ठोकळे होते, सायकलच्या ट्यूबने गच्च आवळलेले. पाय न पुरणाऱ्या कुणासाठी तरी केलेली ही सोय होती. मालकाचा मुलगा नववीत होता.

ठोकळे पंचनाम्यात घेतले. ठाण्यात परतल्यावर सालगड्याला चहा दिला आणि विचारलं, "ट्रॅक्टर तूच धुतला ना? मग ठोकळे काऊन नाई काढले?"

"धुवाले सांगितलं होतं साहेब. सोडाले नाई सांगितलं."

मग तो हळूहळू बोलू लागला. "माझं घर मालकाच्या, भाऊच्या जागेत हाय. पोरगी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात जाते. भाऊ म्हणे, जमानत मी करतो, घराले हात नाई लावत."

"आणि शिक्षा झाली तर? तीही भाऊच भोगेल?"

त्याने कप खाली ठेवला. "नाई जी. तेवढी मलेच."

त्यानंतर त्याने खरा जबाब दिला: ट्रॅक्टरवर मालकाचा मुलगा होता.

मालकाला बोलावून किल्ली कुणाकडे होती ते विचारलं, तेव्हा तो आधी तोऱ्यात होता. "शेतकऱ्याचं पोर ट्रॅक्टर नाई चालवीन तं का विमान चालवीन?" पण वकिलाशी फोनवर बोलून आल्यावर त्याची भाषा पालटली. "मले काहीच मालूम नाई साहेब. पोट्टा न विचारता घेऊन गेला. मी घाबरून याले पुढं केलं."

हे उत्तर वकिलाचं होतं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाची संमती होती असं धरूनच न्यायालय चालतं. नव्हती, हे पालकाने सिद्ध करायचं. 'मला माहीतच नव्हतं' ही त्यातून निसटायची एकच फट. सालगड्याला मालकाचा काही राग असेल म्हणून तो असं सांगतोय, असंही वकील म्हणू शकला असता.

मी गावातल्या सुताराला बोलावलं आणि मालकासमोरच ठोकळे टेबलावर ठेवले.

"माझेच हायेत," सुतार म्हणाला. "भाऊ पोराले घेऊन आले होते. मी म्हटलं, एक वर्ष थांबा, पोरगा वाढते. भाऊ म्हणे, रोवणी थांबत नाई. पायाचं माप त्याइनंच धरलं."

मालकाने पाणी मागितलं.

मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं, तिथे त्याला समज आणि समुपदेशन मिळालं. बापावर पालक म्हणून गुन्हा नोंदवला, खोटी माहिती दिल्याचा वेगळा. न्यायालयाने दोन्हींत दोषी ठरवलं. ट्रॅक्टरची नोंदणी वर्षभरासाठी रद्द झाली. दारात उभी राहिलेली ती बाई न्यायालयात आपल्या पूर्ण नावानिशी साक्ष देऊन गेली. निकालाच्या दिवशी जखमी बाई काठी टेकत आली होती. सालगडी तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "बाई, मी नव्हतो." ती म्हणाली, "मले मालूम होतं. आता साऱ्याइले झालं." माझ्या सेवेत मला पदकं मिळाली, पण छाती फुगली ती त्या दिवशी.

त्याआधी कित्येक वर्षं मीही तेच करत आलो होतो. मुलाला कानफटात द्यायची, बापाला चहा पाजायचा आणि दोघांना घरी धाडायचं. मुलाच्या पायाखाली ठोकळा कोणी ठेवला, हे आम्ही विचारलंच नाही. श्रीमंत बाप गरीब माणूस पुढे करत राहिला, कारण आम्ही तो घेत राहिलो. त्या ट्रॅक्टरनंतर माझ्या ठाण्यात पहिला प्रश्न बापाला विचारला जाऊ लागला.

म्हणून एक मागणं आहे. हे वाचून झालं की उठा आणि गाडीपाशी जा. सीट पुढे ओढलेली आहे का, पॅडलवर काही बांधलेलं आहे का, पाहा. असेल तर आपल्या हाताने सोडा. किल्ली मुलाकडे असेल तर आजच मागून घ्या, आणि का मागताय ते त्याला समोर बसवून सांगा.