भाजी काबर उरनी?

मंडळी, आज दुपारी ऑफिसात मागवलेला मिलेटचा बाउल अर्धा टाकून दिला. ज्वारी, मेथी, मोड आलेले मूग, सगळं पौष्टिक होतं. पण मध्येच मीटिंग लागली आणि परत येईपर्यंत ते गार झालं.

कचऱ्यात टाकताना एकदम धुळ्याचं बसस्टँड आठवलं.

नव्वदच्या सुमारास मी धुळ्यात कॉलेजसाठी खोली घेऊन राहायचो. डबा रोज गावाहून एसटीने यायचा. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, कांदा. माय सकाळी सातला शेतात निंदायला जायची, पण डब्याची पहिली गाडी तिने कधी चुकवली नाही. संध्याकाळच्या गाडीने डबा परत जायचा आणि माय तो उघडून बघायची.

एकदा मेथी उरली. दुसऱ्या दिवशी डबा देताना कंडक्टर नाना भर स्टँडवर म्हणाले, "तुनी माय इचारी ऱ्हायनी, भाजी काबर उरनी? तुले बरं नई शे का?"

मला लाज वाटली. त्यानंतर मी भाजी गुपचूप गाईला घालायचो आणि स्टँडवर कचोरी खायचो. रिकामा डबा बघून माय खूश व्हायची आणि आणखी मेथी पाठवायची.

आज ॲपने विचारलं, "जेवण कसं वाटलं?" मी पाच तारे दिले. अर्धं का उरलं, हे त्याने विचारलं नाही.

तुमचा डबा उघडून बघणारं घरी अजून कोणी आहे का? असेल, तर डबा रिकामाच परत न्या. पण खाऊन.