शेठच्या वतीने

नोकरी सोडताना ओळखपत्र परत करावं लागतं, सिमकार्ड परत करावं लागतं. किस्से मात्र कोणी परत मागत नाही. आमच्या फरसाणच्या कारखान्याचे तर इतके साठलेत, की आम्ही जुनी मंडळी फिलोमिनाबायच्या वटार गावातल्या घरी जमलो की ताटातलं जेवण थंड होतं. माझी बायको एकदा म्हणाली, "तुम्ही तिथे कामं कधी करत होतात?"

खरं सांगायचं तर माझं काम हाच एक किस्सा होता. शेठने दिलेलं पाकीट सरकारी साहेबांपर्यंत पोचवायचं. अपॉइंटमेंट लेटरमध्ये अर्थातच तसं लिहिलेलं नव्हतं.

* * *

कारखाना वसई पूर्वेला. शेव, गाठ्या, केळ्याचे वेफर्स. मी तिथे 'लायझनिंग एक्झिक्युटिव्ह' म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात शेठने मला व्हिजिटिंग कार्डं छापून दिली. लायसन्सच्या कागदांवर 'जबाबदार व्यक्ती' म्हणून माझं नावही घातलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. आमच्या तुळिंजच्या वन रूम किचनमध्ये आईने एक कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं.

ऑफिसचं ॲडमिन फिलोमिनाबाय बघायची. पन्नाशीची, आधी शाळेत शिकवायची, त्यामुळे कोणतीही गोष्ट ती प्रश्न विचारूनच सांगायची.

मी तिला कार्ड दाखवलं.

"कंपनी कोणाची?" तिने विचारलं.

"शेठची."

"नफा कोणाचा?"

"शेठचाच."

"आणि जबाबदार तू. बरंय. लवकर मोठा झालास."

* * *

शेठ 'लाच' हा शब्द कधी वापरत नसत. ते 'सत्कार' म्हणत. "त्या साहेबांचा सत्कार राहिलाय, जरा जाऊन ये." मग मिठाईसारखा बांधलेला फरसाणचा डबा, आत गाठ्या, गाठ्यांखाली पाकीट.

माझा पहिलाच सत्कार. लायसन्सचं नूतनीकरण अडलं होतं. स्कूटरच्या हँडलला डबा अडकवून मी निघालो. ऑफिसात पोचलो तर शिपाई म्हणाला, "साहेब रजेवर आहेत. कार्ड ठेवून जा." मी कार्ड ठेवलं आणि डबा घेऊन थेट घरी आलो, कारण शेठ त्या दिवशी सुरतला होते आणि डबा ऑफिसात ठेवायची मला भीती वाटली.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. आईने कौतुकाने डबा उघडला आणि ताटलीत गाठ्या ओतल्या. पाकीट ताटलीत पडलं.

काकू गेल्यावर आईने विचारलं, "बोनस का रे?"

"नाही. ऑफिसचं आहे. एका साहेबांना द्यायचं होतं."

पाकीट पुसून आईने माझ्या बॅगेत ठेवलं. गाठ्या डब्यात परत भरल्या, आणि देव्हाऱ्यातलं कार्ड काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

* * *

दुसऱ्या दिवशी मी डबा आणि पाकीट शेठसमोर ठेवून म्हटलं, मला हे जमणार नाही. शेठ रागावले नाहीत. त्यांनी फिलोमिनाबायला बोलावलं. "बाय, बाईमाणसावर कोणी संशय घेत नाही. तू जा."

"जाते की," बाय म्हणाली. "फक्त मला एक ओळ लिहून द्या."

"कसली ओळ?"

"'हा डबा अमुक साहेबांना द्यावा.' खाली तुमची सही, कंपनीचा शिक्का."

शेठ हसले. बाय हसली नाही. मग शेठचंही हसू थांबलं.

दोन दिवसांनी त्यांनी तिला व्हॉट्सॲप केलं, 'Sahebanche kaam, do the needful.' बायने उत्तर पाठवलं, 'नीडफुल म्हणजे नक्की काय करायचं, सर?' शेठने मेसेज डिलीट केला. बायने लगेच खाली लिहिलं, 'सर, डिलीट झाला. पुन्हा पाठवता का?'

त्या सोमवारी तिचं टेबल बाथरूमच्या दारासमोर हलवण्यात आलं. तिने तिथे घरच्या बागेतल्या मोगऱ्याची कुंडी आणून ठेवली. महिनाभराने शेठ फोनवर बोलायला तिथेच येऊन उभे राहायला लागले.

* * *

यानंतरचा किस्सा सांगताना मी अजूनही थोडा सावकाश बोलतो.

ज्या साहेबांची माझी भेट झाली नव्हती, ते चार महिन्यांनी दुसऱ्याच कोणाकडून लाच घेताना पकडले गेले. त्यांच्या टेबलात कार्डांचा गठ्ठा सापडला. त्यात माझं होतं. तपास करणाऱ्यांनी कंपनीत फोन केला. मी फाईल घेऊन शेठसमोरच उभा होतो. फोन स्पीकरवर.

"हो, आहे आमच्याकडे तो," शेठ म्हणाले. "पण तिकडे कशाला गेला होता, मला काही कल्पना नाही. मुलगा तसा बरा आहे. आतलं कोणाला माहीत?"

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घाबरू नकोस. मी तुझ्या पाठीशी आहे."

मी बाहेर आलो. बायने माझा चेहरा बघितला, पर्स उचलली आणि मला तिच्या मावसभावाकडे घेऊन गेली. ते वसईच्या कोर्टात वकिली करतात.

* * *

वकिलांनी चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं.

मी म्हटलं, "पैसे माझे नव्हते."

"हात तुमचा होता."

"शेठने सांगितलं म्हणून गेलो."

"मग तेही अडकू शकतात. तुम्हाला एकटं वाटणार नाही."

"नोकरी गेली असती, सर. जबरदस्तीच झाली ना ही?"

वकिलांनी चष्मा काढला. "साहेबाने अडवून मागितलं आणि तुम्ही नाइलाजाने दिलंत, तर सात दिवसांत जाऊन तक्रार करायची सोय कायद्यात आहे. पण तुमच्याकडे साहेबाने मागितलंच नव्हतं. तुमच्यावर जोर होता तो शेठचा. मालकाने पाठवलं म्हणून देणारा सुटत नाही. दिलंत का शेवटी?"

"नाही. ते रजेवर होते."

"नुसतं द्यायला निघणंही बरं नाही. पण जा, आणि जे झालं ते सगळं सांगा. डब्यासकट."

मी गेलो. डब्यासकट सांगितलं. गाठ्या, पाकीट, शेठ, आई, सगळं. लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याने शेवटी पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "रजा त्यांनी घेतली, उपयोगी तुम्हाला पडली."

पुढचे सात-आठ महिने अनोळखी नंबर दिसला की मी फोन उलटा करून ठेवायचो. परत बोलावणं आलं नाही. शेठनाही एकदा बोलावून घेतलं होतं. तिथे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण डबे बंद झाले. काही दिवस.

* * *

मध्येच एका मोठ्या मॉलवाल्यांची ऑर्डर यायची होती. त्यांची अट अशी की पुरवठादाराच्या सगळ्या स्टाफला लाचविरोधी ट्रेनिंग हवं. अंधेरीहून टाय लावलेला एक ट्रेनर आला. प्रोजेक्टर लावला. सोबत मॉलचा माणूस.

एका स्लाइडवर लिहिलं होतं, 'कोणी लाच द्यायला सांगितल्यास ताबडतोब आपल्या वरिष्ठांना कळवा.'

फिलोमिनाबायने हात वर केला. "सर, आमचे वरिष्ठ एकच आहेत. ते पहिल्या रांगेत बसलेत. कळवू का?"

ट्रेनरने स्लाइड पुढे ढकलली.

शेवटी सह्यांचा कागद फिरला. 'मी लाच देणार नाही. दिल्यास ती माझी वैयक्तिक जबाबदारी राहील.' सगळ्यांनी सह्या केल्या. बायने खाली पेनाने जोडलं, 'आणि मला कोणी द्यायला सांगणार नाही,' आणि कागद शेठपुढे सरकवला. "सर, या ओळीखाली तुमची सही."

मॉलचा माणूस मान हलवत म्हणाला, "गुड पॉइंट."

ऑर्डर मोठी होती. शेठने सही केली. फिलोमिनाबाय तो कागद झेरॉक्स काढायला घेऊन गेली आणि तासाभराने परत आली. आम्ही विचारलं, एवढा वेळ? ती म्हणाली, "प्रत्येकासाठी एक काढली. आणि लॅमिनेशनला गर्दी होती."

* * *

मग लायसन्सच्या तपासणीला नवीन अधिकारी मॅडम आल्या. तिशीतल्या, पायात साधी चप्पल, हातात टॉर्च. तळणीच्या कढईखाली वाकून बघितलं, गटाराची जाळी उचलून बघितली, खिडक्या मोजल्या. त्यांच्या नोटिशीत सहा गोष्टी होत्या. त्या सहाही आम्ही तीन आठवड्यांत केल्या. लायसन्स आलं. इतकी वर्षं ते ज्या रस्त्याने यायला हवं होतं, त्याच रस्त्याने आलं, आणि शेठना त्याचा कितीतरी दिवस विश्वास बसला नाही. पुढच्या वर्षी मी नोकरी बदलली. फिलोमिनाबाय निवृत्त झाली आणि आता केळीच्या बागेत मजुरांना प्रश्न विचारते.

पण त्या तपासणीच्या दिवशी केबिनमध्ये काय झालं, ते बघायला मी एकटाच होतो. दर वेळी मला तेच सांगायला लावतात.

मॅडम हात धुऊन केबिनमध्ये बसल्या होत्या. शेठने बाहेर येऊन एकेकाला खुणावलं. पाकीट न्यायला कोणी उठेना. डिस्पॅचवालाही मान खाली घालून चलनं लिहीत राहिला. शेवटी शेठ स्वतः आत गेले. मी फाईल धरून कोपऱ्यात उभा होतो.

तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी हे काम कायम दुसऱ्याच्या हातून केलं होतं. पाकीट आधी डाव्या खिशात होतं, मग उजव्या. मग त्यांनी ते टेबलावर ठेवलं, त्यावर पेपरवेट ठेवला, पेपरवेट उचलला, पाकीट उलटं केलं.

मॅडम शांतपणे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "शेठ, याआधी तुम्ही कधी कोणाला असं दिलंय?"

शेठने गळ्याला हात लावला. "देवाशपथ सांगतो मॅडम, माझ्या हाताने आयुष्यात कधी नाही."

मॅडमनी टॉर्च पिशवीत टाकला आणि त्या उठल्या.

"मग या वयात कशाला सुरुवात करता?"